मराठी न्यूज चॅनेलच्या संपादकांना खुलं पत्र: कोण काय म्हणालं ते पुरे, काय झालं ते सांगा

सगळ्या मराठी न्यूज चॅनेलच्या संपादकांना आणि अँकर मंडळींना,

सप्रेम नमस्कार. मी परांडा तालुक्यातला, जिल्हा धाराशिव. शेती आहे आणि गावात बी-बियाण्याचं, खताचं छोटं दुकान आहे. दुकानात टीव्ही लावलेला असतो आणि त्यावर सकाळपासून तुमचीच चॅनेल चालू असतात, त्यामुळे मी तुमचा अगदी रोजचा प्रेक्षक आहे. मोबाईलवर काय खरं काय खोटं कळत नाही, म्हणून आमच्याकडं माणसं अजूनही टीव्हीवर सांगितलं म्हणजे खरं असेल असं धरून चालतात. त्या भरवशापोटीच हे लिहितोय. कुठल्या पार्टीकडून लिहीत नाहीये हे आधीच सांगतो, कारण हल्ली काही बोललं की पहिला प्रश्न तोच येतो, तू नेमका कुणाचा.

माझं म्हणणं एकच आहे. तुम्ही आम्हाला दिवसभर कोण काय म्हणालं ते सांगता, काय झालं ते सांगत नाही. आणि झालं त्याचं पुढं काय झालं ते तर जवळपास कधीच नाही.

दिवस कसा जातो बघा. सकाळी संजय राऊत माध्यमांशी बोलतात, लगेच नितेश राणेंची प्रतिक्रिया, अकराच्या बुलेटिनला हल्लाबोल, बाराला पलटवार, दुपारी कुणीतरी खोचक टोला लगावतो, चारपर्यंत त्या टोल्याला सडेतोड प्रत्युत्तर आलेलं असतं आणि संध्याकाळी चार खिडक्यांत चार प्रवक्ते बसवून तेच परत, सगळे एकदम बोलतात आणि अँकर "एक मिनिट, एक मिनिट" करत राहतात. रात्री तेच सुपरफास्ट बातम्यांत. यात मूळ विषय काय होता हे दुकानात बसलेल्या माणसांना विचारलं तर एकालाही सांगता येत नाही, भांडण मात्र सगळ्यांना पाठ. आणि पुढाऱ्यांना हे पक्कं कळलंय हो. सभागृहात तयारी करून बोललेला आमदार किंवा खासदार तुमच्या स्क्रीनवर येत नाही, बाहेर येऊन अपशब्द वापरणारा येतो, मग पुढच्या वेळी पहिला पण तेच करतो. राजकारणाची भाषा एवढी खाली गेली त्याला पुढारी जबाबदार आहेतच, त्यांना सोडून द्या असं मी म्हणत नाहीये, पण ती भाषा आमच्या पोराबाळांच्या तोंडी कुणी आणून ठेवली याचाही विचार करा.

एक दिवस उदाहरण म्हणून घेतो, 11 ऑगस्ट 2025. त्या दिवशी विरोधी पक्षांचे खासदार निवडणूक आयोगाकडं मोर्चा घेऊन निघाले होते, पोलिसांनी अडवलं आणि अखिलेश यादवांनी बॅरिकेडवरून उडी मारली. ती उडी मी दिवसभरात किती वेळा बघितली याला हिशोब नाही. मोर्चा महत्त्वाचाच होता, दाखवायलाच पाहिजे होता. पण त्याच दिवशी लोकसभेत काय झालं? 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्याच्या जागी येणारा अख्खा नवीन कायदा चर्चेशिवाय, काही मिनिटांत मंजूर झाला. अख्ख्या देशाचा टॅक्सचा कायदा. दुसऱ्या दिवशी राज्यसभेतही झाला. 1 एप्रिल 2026 ही तो लागू व्हायची तारीख ठरली आणि त्यात छोट्या दुकानदाराचं काय बदलतंय, काही बदलतंय की नाही, हे मला एकाही मराठी चॅनेलवर धड ऐकायला मिळालं नाही. मी दुकानदार आहे, मला ते ऐकायचं होतं. त्या पूर्ण पावसाळी अधिवेशनात लोकसभेचं कामकाज ठरलेल्या 120 तासांपैकी 37 तास चाललं. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक 20 ऑगस्टला मांडलं, त्याच दिवशी लोकसभेत पास, 21 ला राज्यसभेत पास. रमीच्या ॲपपायी पैसे घालवलेली पोरं आमच्या गावात पण आहेत, त्यामुळे कायदा नको होता असं कुणीच म्हणणार नाही, पण एवढ्या घाईत झालेल्या कायद्यात काय आहे, काय राहून गेलंय, यावर सत्ताधाऱ्यांना विचारायला नको? आणि गोंधळात अधिवेशन घालवल्याबद्दल विरोधकांना विचारायला नको? दोघांनाही विचारलं नाही. दोघांचे बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्याचे तुकडे, तेवढे घेतले.

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट. केंद्र सरकारनं परदेशातून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग आठ-दहा दिवसांत मुदत वाढवून 31 डिसेंबर केली. म्हणजे आपला कापूस घरात येणार बरोबर त्याच काळात बाहेरचा कापूस बिनशुल्क. आमच्या भागात कापूस फारसा नाही, पण माझी बहीण परभणी जिल्ह्यात दिलीय, त्यांचं वर्षाचं सगळं कापसावर. तिनं फोन करून विचारलं की दादा हे भावाचं काय होणार, टीव्हीवर काही सांगतात का. काय सांगू तिला? त्या दिवसांत तुमच्याकडं कबुतरखान्याच्या वादावर तासन् तास चर्चा चालू होत्या. मुंबईच्या लोकांसाठी तोही विषय असेल, त्याला माझी ना नाही, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या लाखो घरांच्या खिशाला हात घालणारा निर्णय दिल्लीत झाला आणि तो पट्टीवरून सरकून गेला. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2025-26 साठी 7710 रुपये जाहीर झाला होता, मग सीसीआयची म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची खरेदी केंद्रं कधी उघडणार, त्या कपास किसान ॲपवर नोंदणी कशी करायची, बिना नोंदणीवाल्यानं काय करायचं, हे अर्धा तास सांगितलं असतं तर माणसांनी गावागावात बसून बघितलं असतं. खात्रीनं सांगतो.

आता आमच्या पुराचं. 22-23 सप्टेंबर 2025 ला सीना नदीनं आणि ओढ्यांनी जे केलं ते आमच्या म्हाताऱ्या माणसांनी पण कधी बघितलं नव्हतं. तुम्ही आलात, नाही असं नाही. आमचे खासदार ओमराजे निंबाळकर वडनेरला पाण्यात उतरले ते तुम्ही दाखवलं, बरं केलं, माणसं वाचली. मग मुख्यमंत्री आले, उपमुख्यमंत्री आले, विरोधी पक्षाचे नेते आले, प्रत्येकाच्या ताफ्यामागं तुमच्या गाड्या आल्या आणि ताफ्याबरोबरच गेल्या. मदतीच्या किटवर कुणाचा फोटो होता यावर दोन दिवस गेले. 28 तारखेला दुबईत आशिया कपची भारत-पाकिस्तान फायनल झाली, मग ट्रॉफी कुणाच्या हातून घ्यायची आणि कुणाच्या नाही हा विषय आला आणि आम्ही संपलो.

आमच्या तालुक्यात एक पोरगं आहे, एका चॅनेलला बातम्या पाठवतं. त्याला पगार नाही, बातमी लागली तर तेवढ्याचे पैसे, मोटरसायकलचं पेट्रोल स्वतःचं. पुराचं पाणी ओसरल्यावर तो आमच्या शिवारात आला होता. माझं ओढ्याकडचं सोयाबीनचं रान, त्यात सोयाबीन तर नाहीच, माती पण नाही, खाली नुसता मुरूम उघडा पडलेला, बांध कुठं होता ते सुद्धा ओळखू येत नाही, आणि शेजाऱ्याच्या विहिरीत कडेपर्यंत गाळ. पोरानं सगळं नीट शूट केलं. माझ्या आईला बोलतं केलं. आई कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणाली की पीक परत येतं रं, माती कुठनं आणायची. पाठवलं त्यानं मुंबईला. तिकडून विचारणा झाली, नेत्याचा बाईट आहे का सोबत? नव्हता. बातमी लागली नाही. त्या पोराचा काही दोष नाही, त्याला मी बोललो पण नाही, तो बिचारा परत माझ्याच दुकानासमोर मान खाली घालून उभा होता. दोष तुमच्या डेस्कवरच्या त्या प्रश्नाचा आहे. आईच्या त्या वाक्यापेक्षा नेत्याच्या कुठल्या बाईटमध्ये जास्त बातमी असणार होती?

आणि पुढचं ऐका. 7 ऑक्टोबरला सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. तुम्ही आकडा मोठ्ठा करून दाखवला, सरकारवाले म्हणाले ऐतिहासिक, विरोधक म्हणाले फसवं, झाली चर्चा. जमीन खरडून गेली त्याला हेक्टरी 47 हजार रोख आणि 3 लाखांपर्यंत मनरेगातून, असं जाहीर झालंय. आता मनरेगातून म्हणजे कसं? अर्ज कुठं, मस्टर म्हणजे हजेरीपत्रक कुणाच्या नावानं, माती आणायची तर कुठल्या तलावातून, तिला परवानगी कुणाची? आमच्याकडं काहींचे पैसे आले, काहींचे फार्मर आयडीत अडकले, काहींचे ई-केवायसीत, सामाईक खातं असेल तर अजून वेगळा घोळ. हे सगळं कुणाच्या टीकेत नाही आणि पलटवारातही नाही, तहसीलला रांगेत उभं राहिलं तरच दिसतं. दिवाळी झाली, थंडी पडली, तुमच्यापैकी कुणीही परत आलेलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते जास्त गंभीर आहे. 8 मे 2025 ची रात्र, ऑपरेशन सिंदूर सुरू होतं तेव्हाची. आमच्या गल्लीतल्या एका घरचा मुलगा फौजेत आहे, तेव्हा जम्मूकडं होता. त्याची आई रात्रभर टीव्हीसमोर बसून होती आणि बायाबापड्या तिच्याजवळ. टीव्हीवर सायरन वाजतोय, कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणतायत, आपलं सैन्य इस्लामाबादेत घुसलं म्हणतायत, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक झाली म्हणतायत. सुरुवात हिंदी चॅनेलवर झाली, मान्य, पण "सूत्रांची माहिती" म्हणून आपल्याकडं पण ते फिरत होतंच. ती माऊली प्रत्येक सायरनला दचकायची, तिला वाटायचं हा खरा वाजतोय, पोराच्या डोक्यावर वाजतोय. मुलाचा फोन लागत नव्हता. सकाळ झाली तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. 10 मे ला केंद्र सरकारला सांगावं लागलं की कार्यक्रमात सायरनचे आवाज वापरू नका. सरकारनं सांगायची गोष्ट आहे का ही? तुमच्या न्यूजरूममध्ये एकालाही वाटलं नाही की सीमेवर ज्यांचं माणूस आहे ते घर हे बघत असेल?

त्या रात्रीच्या आदल्या दिवशी, 7 मे ला, जम्मू-काश्मीरमधल्या पुंछमध्ये गोळीबारात मदरशात शिकवणारे एक शिक्षक गेले, आपले भारतीय नागरिक, पाकिस्तानच्या तोफगोळ्यानं मारलेले, आणि काही चॅनेलनी त्यांनाच अतिरेकी ठरवून फोटो दाखवले. पुंछच्या पोलिसांना खुलासा करावा लागला. घरात मयत पडलेलं असताना टीव्हीवर बापाला अतिरेकी म्हणतायत, त्या घरच्यांना काय वाटलं असेल. एखाद्या अँकरनं माफी मागितली असेल, पण चूक दाखवताना जेवढा वेळ दाखवली तेवढाच वेळ माफी दाखवायला नको का? आणि हे पहिल्यांदा झालेलं नाहीये. 26/11 ला ताजसमोरून लाईव्ह दाखवत होतात, कसाबच्या निकालात 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय की त्या लाईव्हमुळं पाकिस्तानात बसलेल्यांना आतल्यांना सूचना देता येत होत्या. आपल्या मुंबईतली गोष्ट आहे ती, आपले पोलीस गेले त्यात. एवढं होऊनही शिक्षा काय, तर तुमच्या स्वतःच्याच संस्थेत जास्तीत जास्त 1 लाखाचा दंड, तोही 2008 साली ठरवलेला. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच विचारलं की एवढ्या दंडानं कुणाला काय फरक पडतो. मी पण तेच विचारतो.

पुढाऱ्यांना धाक राहिला नाही त्याचं कारण पण हेच, की पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही. 8 फेब्रुवारी 2024 ला केंद्र सरकारनं संसदेत श्वेतपत्रिका मांडली, जुन्या सरकारच्या घोटाळ्यांत आदर्श सोसायटीचं नाव होतं. 13 फेब्रुवारीला त्याच आदर्श प्रकरणात आरोपी केलेले माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले, 14 ला राज्यसभेची उमेदवारी. तुम्ही दिवसभर "राजकीय भूकंप" दाखवला. पण त्या केसचं नेमकं काय झालं, 2017 मध्ये मुंबई हायकोर्टानं राज्यपालांनी दिलेली खटल्याची परवानगी रद्द केली होती, म्हणजे तेव्हा कोर्टापुढं पुरावा टिकला नव्हता, मग सरकारनं आता श्वेतपत्रिकेत कशाच्या आधारावर लिहिलं, आणि लिहिलं तर पाच दिवसांनी पक्षात घेतलं कसं? हा प्रश्न चव्हाणांवर अन्याय होऊ नये म्हणून पण विचारायला पाहिजे होता आणि मतदारावर होऊ नये म्हणून पण. दोन्ही बाजूंनी कागद टेबलावर ठेवून अर्धा तास बोलला असतात तर आम्हाला काहीतरी ठरवता आलं असतं.

मतदार याद्यांचं पण तसंच. राहुल गांधींनी 18 सप्टेंबर 2025 ला राजुऱ्याचं नाव घेतलं, चंद्रपूर जिल्ह्यातलं, 6,850 नावं बोगस घातली असा आरोप केला. आयोगानं आरोप फेटाळले. दोन्ही बाजूचे प्रवक्ते स्टुडिओत एकमेकांच्या अंगावर धावून जाईपर्यंत बोलले. राजुरा काय परदेशात आहे का? निवडणुकीच्या अधिकाऱ्यांनीच तिथं 2024 साली पोलिसांत तक्रार दिलेली आहे, तिचा तपास कुठपर्यंत आलाय, हे तिथं बसून दाखवा की. नोव्हेंबर 2025 मध्ये गोव्यात मतदार यादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली, हा आपल्याकडचा पण विषय आहे. बिहारमध्ये पहिल्या मसुद्यातून साधारण 65 लाख नावं कमी झाली होती. आपलं नाव गेलंय का ते कुठं बघायचं, गेलं असेल तर कुठला फॉर्म, दुसऱ्याच्या नावावर हरकत घेतात तो सात नंबरचा फॉर्म काय असतो, ऊसतोडीला सहा महिने बाहेर असलेल्या कुटुंबानं काय करायचं? आमच्या जिल्ह्यातून, शेजारच्या बीडमधून केवढी माणसं ऊसतोडीला जातात तुम्हाला माहितीय. त्यांच्या झोपडीसमोर कुणी घरोघर तपासणीला येणार नाही.

तुम्ही म्हणाल टीआरपी. लोकांना भांडणच बघायचं असतं, आम्ही काय करणार. मग एक सांगा. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण बाहेर काढल्यावर न्यूज चॅनेलची रेटिंग जाहीर होणं बंद झालं ते थेट मार्च 2022 पर्यंत. जवळपास दीड वर्ष कुणाला किती लोक बघतायत याचा आकडाच येत नव्हता. त्या दीड वर्षात तरी तुम्ही वेगळं काही केलंत का? कोविडची दुसरी लाट त्याच काळात होती. तेव्हाही चार खिडक्याच होत्या. म्हणजे आकड्यासाठी करता हे पण पूर्ण खरं नाही. स्वस्त पडतं म्हणून करता. प्रवक्ते फुकट येतात, स्टुडिओ तिथंच असतो, आणि परांड्याला किंवा राजुऱ्याला गाडी पाठवायची तर डिझेल लागतं, माणूस लागतो, दोन दिवस लागतात. मालकांबद्दल मी जास्त बोलत नाही, नेटवर्क 18 रिलायन्सकडं आहे, एनडीटीव्ही 2022 अखेरीस अदानींकडं गेलं, दोघांची मराठी चॅनेल आहेत, हे सगळ्यांना माहिती आहे. मालक बदलणं तुमच्या हातात नसेल. पण सीसीआयचं केंद्र उघडलं की नाही हे दाखवायला तर कुठल्या मालकाची आडकाठी असायचं कारण नाही.

म्हणून मागणी एकदम साधी ठेवतो. महाराष्ट्राचे लोकसभेत 48 खासदार आहेत, राज्यसभेत 19. संसदेचं अधिवेशन चालू असेल तेव्हा रोज रात्री अर्धा तास द्या. आज आपल्या कुठल्या खासदारानं काय विचारलं, मंत्र्यानं काय उत्तर दिलं, कोण हजर होतं, कुठलं विधेयक आलं आणि त्यात काय आहे. प्रश्नोत्तरं संसदेच्या वेबसाईटवर सगळी असतात, तुमच्या डेस्कवरचं एक हुशार पोरगं बसवलं तरी होईल. प्रवक्ता नको, ज्यानं प्रश्न विचारला त्या खासदारालाच बोलवा, आणि ज्यानं काहीच विचारलं नाही त्याला पण बोलवा. निवडणुकीच्या वेळी तुमची धावपळ असते हे कळतं, परांड्याची पण नगरपरिषद आहेच, अशा निमित्तानं तुमच्यापैकी कुणीतरी इकडं येईल. आलात तर उमेदवारांच्या मुलाखती झाल्यावर तहसील कार्यालयात जा आणि तालुक्यात खरडलेल्या जमिनीचे पंचनामे किती झाले, मनरेगाचे प्रस्ताव किती मंजूर झाले, काम किती रानात सुरू झालं, एवढं विचारा. तालुक्याच्या त्या पोराला सोबत घ्या, त्याला सगळी शिवारं माहिती आहेत, आणि त्याच्या बातमीचे पैसे वेळेवर द्या.

आपला,
परांडा तालुक्यातला एक प्रेक्षक